रेस्टीचं देवक

किताम्बा, मसाका
१० नोव्हेंबर १९९६

ती. तेओपिस्ता ताईस,
धाकट्या फेडेरेसीचा गुडघे टेकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र, गणवेश आणि नाकतोड्यांचा डबा टॅक्सीवाल्याने परवा सुखरूप आणून दिला. डब्याला तू इतकी करकचून दोरी बांधली होतीस की सोडताना माझं नख तुटलं. वाटेत टॅक्सीवाल्याने हात मारू नये म्हणून ना? तुझा माणसांवरचा विश्वास या वयातही काही वाढत नाही. गणवेश रेस्टीच्या गुडघ्यांखाली येतो, पण पोर वाढीला लागली आहे, तेव्हा बरंच झालं. बाजारातल्या तुझ्या दोघी शेजारणींना, नूरूला आणि ममा बॉस्कोला, माझा मनापासून नमस्कार सांग. जुने कपडे विकून स्वतःची पोरं वाढवणाऱ्या तुम्ही तिघी एका परक्या मुलीच्या शाळेचा भार उचलता, याचं मला अजूनही नवल वाटतं.

नूरूने विचारलं आहे की मुलगी मूळची कुठली. खरं सांगायचं तर कुणालाच ठाऊक नाही. सरोवराकाठच्या कोळ्यांच्या वस्तीत तिचा बाप गेला आणि मग त्याच आजाराने आईही गेली. तिथे पोटासाठी कुठून कुठून माणसं येतात, कोण कुठला हे कुणी विचारत नाही. ऑगस्टमध्ये अनाथ मुलांच्या संस्थेने तिला माझ्याकडे सांभाळायला दिलं तेव्हा नाव नुसतं रेस्टी, वय नऊच्या आसपास आणि बोली चार भाषांची खिचडी. कुळाचं नाव नाही, म्हणून शाळेतली पोरं तिला वाऱ्याने आणलेली म्हणतात. घरी येऊन ती मला तसं सांगते, अगदी शांतपणे, आणि मग केळी सोलायला बसते.

आता एक सांगते, रागावू नको. डबा उघडून मी नाकतोडे तुझ्या त्या काळ्या कढईत गरम केले, वर कांदा घातला. वासाने माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. रेस्टीने मात्र पाहिलं आणि ती बाहेर पळाली. परत आणून बसवली, नखरे करू नकोस, मावशीने कंपालाहून प्रेमाने पाठवलंय असं दटावलं, तर घास तोंडाशी नेऊन ती ओकली. शेवटी सगळे मीच खाल्ले. फार छान झाले होते.

बाकी एकच काळजी. संस्थेच्या बाई म्हणाल्या की नाताळपर्यंत तिच्या नातेवाइकांचा शोध घ्यायचा. कुणी सापडलं नाही तर ती कायमची माझ्याकडे राहील. ताई, माझा नवरा आणि मुलगा केळीच्या बागेमागे कायमचे झोपले त्याला सहा वर्षं झाली. या घरात पुन्हा कुणीतरी मला हाक मारतं. मी रोज जपमाळ ओढते आणि कुणी सापडू नये असं मागते. हे तुला सांगते, पाद्रीबाबांना सांगायची छाती नाही.

लोभ आहेच, तो असाच डब्यांतून येत राहो.
तुझी,
फेडेरेसी


कंपाला
१६ नोव्हेंबर १९९६

चि. फेडेरेसीस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. नख तुटल्याचं वाचून नूरू हसली आणि मलाही हसू आलं. दोरी मी मुद्दामच आवळली होती, गेल्या वर्षी हाच टॅक्सीवाला अर्धा डबा फस्त करून वर मला म्हणाला होता की खड्ड्यांमुळे नाकतोडे खाली बसले!

पण मुलीचं वागणं मला मुळीच आवडलं नाही, स्पष्ट सांगते. मी आणि ममा बॉस्को दुकान लवकर मिटून पंख-पाय तोडत बसलो होतो. माझी बोटं दोन दिवस हिरवी होती. गिऱ्हाईक म्हणायचं, बाई, तुम्ही कपडे विकता की भाजी? आणि त्या महाराणीने पाहिलं आणि ओकली! आपल्या आजीच्या काळात बायकांना नाकतोडे खायची बंदी होती, तरी ती माजघरात तोंड पुसत सापडायचीच. आणि ही, आयतं ताटात आलं तर नाक मुरडते. तू तिला फार डोक्यावर घेऊ नकोस. तुझ्या रिकाम्या घरात जे येईल त्याला तू डोक्यावर घेतेस. ती लंगडी कोंबडी आठव. तुझ्या पलंगावर अंडी घालायची.

रागावले असले तरी फी भरली आहे. पुढल्या सत्राचीही आम्ही तिघींनी सोय केली आहे, त्याची फिकीर नको. ममा बॉस्कोने एक स्वेटर बाजूला काढला आहे, बाह्यांवर बदकं आहेत. पोरीला बदकं तरी चालतात का, विचारून कळव.

जपमाळेबद्दल मी काही बोलत नाही. देवाला तुझा आवाज ओळखीचा आहे, तो समजून घेईल. तब्येतीला जप.

माया आहेच, ती ओरडण्यातून कळत असेल अशी आशा.
तुझी ताई,
तेओपिस्ता


किताम्बा
२४ नोव्हेंबर १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बदकं चालतात. नाकतोडे मात्र या जन्मात चालणार नाहीत, आणि का, ते आता कळलं. नीट बसून वाच.

आमच्या शेजारचा सालोंगो तुला ठाऊक आहे. जुळ्यांचा बाप झाल्यापासून तो जरा जास्तच ताठ चालतो. दर नोव्हेंबरला तो अंगणात पत्रे उभे करतो, मोठा दिवा लावतो, आणि दिव्याला भुलून आलेले नाकतोडे पत्र्यांवरून घसरून पिंपात पडतात. मंगळवारी सकाळी त्याची पोती गच्च भरली होती. रेस्टी पाण्याला म्हणून गेली आणि तिने एकेक करून सगळ्या पोत्यांची तोंडं सोडली. मी बोंब ऐकून धावले तर कॉफीच्या झाडांवर, कौलांवर, सालोंगोच्या टकलावर, जिकडेतिकडे हिरवे नाकतोडेच नाकतोडे! जुळी पोरं टाळ्या पिटत होती आणि त्यांची आई त्यांना बडवत होती.

सालोंगोने तिला दंडाला धरून गावच्या अध्यक्षांपुढे उभं केलं. अर्धा गाव जमला. तो ओरडत होता की दिवा माझा, पत्रे माझे, जागरण माझं, मग ही कोण सोडणारी? तुझ्या बापाचे आहेत का गं नाकतोडे? रेस्टीने मान वर करून सांगितलं, हो, बाबांचेच आहेत.

लोक आधी हसले. अध्यक्षांनी विचारलं, म्हणजे काय गं? तेव्हा ती म्हणाली की बाबांनी सांगितलंय, हे आपले आहेत, ह्यांना मारायचं नाही, खायचं नाही, कुणी खात असेल तर तिथे बसायचंही नाही. आणि मग ताई, कुणी हसेना. सालोंगोने तिचा दंड सोडला. ज्या मुलीला आम्ही कुठून तरी आलेली म्हणत होतो, तिला देवक होतं. नाकतोड्याच्या कुळातली ती, आपल्याइतकीच इथल्या मातीतली. आपण अळंबीच्या कुळातल्या बहिणी, नुसता अळंबीचा रस्सा सांडला म्हणून आजीने आपल्याला केवढं झोडपलं होतं! आणि मी तिच्यापुढे तिचंच देवक परतून ठेवलं, वर नखरे करू नकोस म्हणाले. तिची बोली ऐकून मी ठरवूनच टाकलं होतं की ही आपल्यातली नव्हे.

सालोंगोचं मला आश्चर्य वाटलं. तो म्हणाला की माझं देवक माकड, माझ्यासमोर कुणी माकडं पोत्यात भरली असती तर मीही तोंडं सोडली असती. मग तो तिच्यापुढे वाकून म्हणाला, पोरी, तुझ्या माणसांना मी पोत्यात कोंबलं, माफ कर. आता तो पत्रे दूर, ओढ्यापलीकडे लावतो.

संध्याकाळी मी तिला विचारलं की बाबांचं आणखी काय आठवतं. ती म्हणाली, जाळी विणायचे, आणि मला आई म्हणायचे. बस, एवढंच. मला वाटलं, लाडाने म्हणत असेल बिचारा.

आता माझं ऐक. कुळ कळलं म्हणजे कुळाची माणसं सापडणार. या कुळाचे वडीलधारे आहेत, बैठका आहेत, एकमेकांची खबर आहे. संस्थेच्या बाईंना मी सांगितलं की झालं. गावात सगळे आनंदले आहेत, वाटेत थांबवून हात हातात घेतात. मी मात्र हात सोडवून घेते आणि भराभर घरी येते. बाई पुढच्या आठवड्यात येतील. गावाने काही सांगितलं नाही आणि मी गप्प बसले, तर नाताळ होईल आणि ती माझी होईल. तिला काय कमी आहे माझ्याकडे? तूच सांग, मी काय करू?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
फेडेरेसी


कंपाला
२९ नोव्हेंबर १९९६

चि. फेडेरेसीस,
अ. उ. आ. वि. वि.

सगळ्यात आधी माझ्या भाचीला सांग की मावशी मूर्ख आहे. मी त्या लेकराला तिचेच नातलग मीठ लावून, दोरी बांधून पाठवले! ममा बॉस्कोला सांगितलं तर ती कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून रडायलाच लागली. तिच्या जावयाचं देवक तेच, आणि दर वर्षी ती त्याच्या घरी नाकतोड्यांचा पुडा नेते. तो बिचारा सभ्य, आजवर घेत आला आणि कुत्र्याला घालत आला.

आता तुझं. फेडेरेसी, आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस, तुला आठवत नाही. मला आठवतं. शेजारणींनी आपल्याला जेवू घातलं, फार प्रेमाने घातलं, देव त्यांचं भलं करो. पण मी रोज रस्त्याकडे बघायचे. मग एके दिवशी आत्या आली, डोक्यावर गाठोडं, आणि तिने तुझं पूर्ण नाव घेऊन हाक मारली. आईनंतर ते नाव कुणी उच्चारलंच नव्हतं. तू मातीत खेळत होतीस, ताडकन उठलीस. तुझं ते उठणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

ती मुलगीही रस्त्याकडे बघत असेल. तुला दिसत नसेल, कारण तू तिच्या ताटाकडे बघतेस. संस्थेच्या बाईंना सांग, त्यांच्याकडून रेडिओवर निरोप द्यायला लाव. तिला घेऊन गेले तर तू रडशील आणि मी बस पकडून येईन आणि आपण दोघी रडू. पण तिला वाऱ्याने आणलेली ठेवून तुला ती लाभायची नाही. तुला मी ओळखते, तुझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

तुझ्यावर ओरडायचं होतं, पण जमलं नाही. तू त्या पोरीला घरात घेतलंस, म्हणून तर तिच्या तोंडून ते शब्द निघाले. नूरू म्हणते तुझ्या हातांना चांगलं यश आहे. मलाही तसंच वाटतं.

माया धरून आहे, तूही धर.
ताई


किताम्बा
१५ डिसेंबर १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. बाईंना सांगितलं, आणि रेडिओवर मृत्यूच्या आणि लग्नांच्या निरोपांत आमचाही निरोप आला. नाकतोड्याच्या कुळातली, सरोवराकाठी आईबाप गेलेली मुलगी रेस्टी, जाळी विणणारे वडील तिला आई म्हणायचे. शेवटचं वाक्य मी हट्टाने घालायला लावलं. बाई म्हणत होत्या, सगळेच बाप लेकीला आई म्हणतात, त्याने काय कळणार?

काल निरोप आला. गोम्ब्याहून तिची आत्या येते आहे, नाताळ झाला की. सख्खी आत्या, ताई. मी रेस्टीला सांगितलं, तेव्हापासून ती फाटकाशी जाऊन उभी राहते. तू म्हणालीस तसंच. मी इतके दिवस पाहिलंच नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. तू लग्नात दिलेली काळी कढई मी सालोंगोच्या बायकोला देऊन टाकली. आत्तापर्यंत तिच्यात नाकतोड्यांशिवाय काही उत्तम झालं नाही, आणि त्याच कढईत रेस्टीची भाजी परतायला हात धजेना. आता मडक्यात शिजवते, सगळं थोडं धुरकट लागतं. तुला वाईट वाटेल हे ठाऊक आहे. मलाही वाटलं.

आत्याला जेवायला काय करावं? भुईमुगाच्या कालवणात सुकी मासळी घालते आहे. रेस्टीचे कपडे धुऊन, घडी घालून ठेवले. बदकांचा स्वेटर सगळ्यात वर.

तुझी,
फेडेरेसी


किताम्बा
५ जानेवारी १९९७

ती. ताईस,
अनेक, अनेक नमस्कार. वि. वि.

बस पकडून येऊ नकोस. म्हणजे ये, पण रडायला नको.

आत्या गेल्या आठवड्यात शनिवारी दुपारी आली. साठीची, उंच, गोमेसी झग्याचा पट्टा नीट बांधलेला, काखेत झाडाच्या सालीच्या वस्त्राचं गाठोडं आणि हातात कोंबडी. मी रेस्टीला शिकवून ठेवलं होतं की आत्या दिसली की गुडघ्यावर बसून नमस्कार करायचा. पोर फाटकाशी गुडघे टेकणार, इतक्यात त्या बाईने हातातली कोंबडी सोडून दिली आणि स्वतःच धुळीत गुडघे टेकले. साठ वर्षांची बाई, नऊ वर्षांच्या पोरीपुढे! आणि म्हणाली, आई, फार दिवस लावलेस गं. कुठे होतीस?

मला वाटलं प्रवासाने बाईचं डोकं फिरलं. मग कळलं. रेस्टीच्या बापाने तिला स्वतःच्या आईचं नाव दिलं होतं, नाकाजुबी. ज्या म्हातारीचं नाव तिला, ती म्हातारीच परत घरात आली असं त्यांच्यात मानतात, आपल्यातही मानतातच की. म्हणून तो तिला आई म्हणायचा. लाड नव्हता तो, नाव होतं. आत्याने रेडिओवर तेवढं एक वाक्य ऐकलं आणि चूल तशीच सोडून ती निरोप द्यायला धावली. भाऊ गेल्याचं त्यांना वर्षभराने कळलं होतं. मूल आहे हे ठाऊक होतं, कुठे आहे ते नाही. मग उत्तरकार्याला कुळ जमलं तेव्हा त्याच्या लेकीची जागा मोकळी ठेवली होती म्हणे.

रेस्टी आधी बिचकली. मग आत्याने तिचं पूर्ण नाव घेऊन हाक मारली. ताई, ती ताडकन सरळ झाली. तू लिहिलं होतंस ना माझ्याबद्दल, अगदी तशी.

जेवायच्या आधी आत्याने हळूच विचारलं की मुलीचं जेवण कुठल्या भांड्यात करता. मी मडकं दाखवलं आणि कढईचं सांगितलं. आत्याने मडक्याच्या काठावरून हात फिरवला. मग ती उठून माझ्याकडे आली आणि माझ्यापुढेही गुडघे टेकू लागली. मी तिला धरलं, तर ती खाली आणि मी खाली, दोघी चुलीपुढे गुडघ्यांवर, आणि कालवण उतू गेलं. तिने माझे दोन्ही हात धरून इतके आभार मानले की मला तोंड लपवायला जागा उरली नाही. तिचं कुणी सापडू नये म्हणून मी जपमाळ ओढत होते ना! ते मी तिला सांगूनच टाकलं. ती म्हणाली, मग तुझ्या देवाने तुझं न ऐकून आपल्या दोघींचं भलं केलं.

घडी केलेले कपडे मी बाहेर आणले. आत्याने ते पाहिले, मला पाहिलं. मग तिने गमतीने की खरंच, देव जाणे, रेस्टीपुढे बसून सांगितलं की आई, तुझ्या घरी माझ्याजवळ सात नातवंडं आहेत आणि तुझी जागा आहे. इथे ही तुझी माणसं आहेत आणि तुझी शाळा आहे. तू सांगशील ते मी करीन, लेकीने आईचं मोडायचं नसतं. रेस्टीने खूप विचार केला. मग म्हाताऱ्या बाईच्या थाटात म्हणाली की शाळा इथे, सुट्टीत तुझ्याकडे, आणि फेडेरेसी मावशीनेही तिथे यायचं, कारण ती एकटी घाबरते. मी कधी घाबरले गं?

संस्थेच्या बाईंनी ते मान्य केलं. आत्या काल परत गेली. कपडे मी पुन्हा खुंटीवर लावले. बदकांचा स्वेटर तिने अंगात घातला आहे, भर उन्हात, आणि काढत नाही. नूरू आणि ममा बॉस्कोला सांग की आत्याने कुळातर्फे तिघींचे आभार मानलेत आणि कोंबडी तुमच्यासाठी आहे. ती अजून सालोंगोच्या छपरावर आहे, उतरली की पाठवते.

तू मला योग्य वेळी योग्य ते बोललीस. याहून जास्त लिहिता येत नाही.

तुझ्या मायेची ऋणी,
फेडेरेसी


किताम्बा
१६ फेब्रुवारी १९९७

ती. तेओपिस्ता मावशी, नूरू मावशी आणि ममा बॉस्को यांस,
गुडघे टेकून सा. न. वि. वि.

हे पत्र मी स्वतः लिहीत आहे. फेडेरेसी मावशी फक्त चुका सांगते.

तुम्ही पाठवलेली नवीन कढई मिळाली. चिठ्ठीत लिहिलं होतं की हिच्यात कधीही कुणाचे नातलग तळलेले नाहीत. मावशी ती चिठ्ठी वाचून हसली आणि मग पट्ट्याच्या टोकाने डोळे पुसत बसली. आम्ही तिच्यात केळी तळली. धूर लागला नाही.

शाळेत बाईंनी माझं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं. मुलं आता वाऱ्याने आणलेली म्हणत नाहीत. सालोंगोचा मुलगा मला आजी म्हणतो. मी त्याला म्हटलं, आजीचं ऐकायचं असतं, माझी पाण्याची घागर उचल. त्याने उचलली.

नोव्हेंबरमध्ये तुम्ही तिघी या. फेडेरेसी मावशीला नाकतोडे फार आवडतात, ती माझ्यामुळे खात नाही, पण सालोंगोच्या घरावरून जाताना हळू चालते. तुम्ही तिला ओढ्यापलीकडे घेऊन जा आणि पोटभर खाऊ घाला. मी घरी बसून तुमच्या पिशव्या सांभाळीन. माझी माणसं रागावणार नाहीत, मी त्यांना सांगून ठेवीन. आल्यावर सगळ्यांनी तोंड धुवायचं.

तुमचे आभार. माझ्यावर अशीच माया करा, मीही करीन.

तुमची,
रेस्टी नाकाजुबी